बोलायला शिकलेल्या जैबूनबाई

इरफानचा फोन आला तेव्हा मी कुरखेड्याला होते. भावाच्या बांधीत रोवणा चालू होता, बाया वाकून धानाची रोपं लावत होत्या आणि मी कडेच्या धुऱ्यावर चहाची किटली घेऊन उभी होते. आवाज तुटत तुटत येत होता. "मॅडम... अम्मी गेली. सकाळी." मी किटली खाली ठेवली. आणि विचारू नये ते माझ्या तोंडून निघून गेलं, "काही बोलल्या का?" तो म्हणाला, "नाई मॅडम. कुठून बोलन ते..." खरंच, कुठून बोलणार होत्या! जैबूनबाईंची वाचा जाऊन वर्षाच्या वर झालं होतं. हे मला माहीत होतं, मी रोज पाहत होते, आणि तरीही मरताना का होईना, एखादा शब्द फुटला असेल अशी आशा माझ्यात कुठंतरी शिल्लक होती. ती त्या धुऱ्यावर गेली.

मी तशीच निघाले. वाटेत नाल्यावर पाणी चढलं होतं, एसटी अलीकडे थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर, कंडक्टर, आम्ही सगळे काठावर उभे राहून पाणी उतरायची वाट पाहत होतो. चंद्रपूरला पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. दुपारी जोहरच्या नमाजनंतर माती दिली होती. घरात लोबानचा वास होता, बाया चटईवर बसल्या होत्या, आणि इरफानची बायको शबाना मला पाहून उठली आणि माझ्या गळ्यात पडली. माझ्या मैत्रिणीचं, जैबूनबाईंचं तोंड मला शेवटचं दिसलं नाही. चाळिसावा दिवस होऊन गेला तरी हे लिहायला हात उचलत नव्हता. काय लिहायचं? जी बाई बोलायला शिकली, तिच्याबद्दल माझ्यासारखीनं बोलायचं, हेच उलटं आहे.

जैबुन्निसा हे त्यांचं नाव. परकोटाच्या आत, बाजाराच्या गल्लीत त्यांचं बांगड्यांचं दुकान. नवरा होता तोवर तो गावोगावच्या बाजारांत फिरायचा आणि जैबूनबाई दुकानात बसायच्या. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. मी तिथल्याच एका शाळेत मराठी शिकवायची, आणि आम्ही काही हौशी लोकांनी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी एक भाषण मंडळ चालवलं होतं. कोणीही यावं, उभं राहावं, दिलेल्या विषयावर दोन मिनिटं बोलावं. वेळ संपली की घंटी. मग बाकीच्यांनी चुका सांगायच्या. वकिली शिकणारी पोरं यायची, विमा एजंट यायचे, निवडणुकीला उभे राहायची स्वप्नं पाहणारे यायचे. तिथं एका रविवारी बुरखा घातलेली, पन्नाशीकडे झुकलेली एक बाई येऊन शेवटच्या बाकावर बसली. मी तिला ओळखलं. माझ्या लग्नाचा चुडा तिनंच भरला होता.

का आल्या, ते त्यांनी मला खूप नंतर सांगितलं. नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी गल्ली रुंद करायचं निघालं. दुकानदारांचं म्हणणं ऐकायला बैठक बोलावली. जैबूनबाईंच्या दुकानाचा ओटा त्यात जाणार होता. त्या ओट्यावर बसूनच बाया हात पुढे करायच्या. ओटा गेला तर गिऱ्हाइकानं रस्त्यात उभं राहून बांगड्या भरायच्या का, हे त्यांना विचारायचं होतं. घरून सगळं ठरवून गेल्या होत्या. नाव पुकारलं. त्या उभ्या राहिल्या आणि जीभ टाळूला चिकटली. सगळे पाहून राहिलेले. शेवटी शेजारी बसलेला दीर उठला आणि म्हणाला, "आमचं काही म्हणणं नाई साहेब." बस्. पुढचं नाव पुकारलं गेलं. "बाई, ओटा गेला त्याचं दुख नाई मले," त्या मला म्हणाल्या होत्या, "पण माह्या तोंडातून दुसरा बोलला ना... ते नाई विसरत मी."

पहिल्या दिवशी त्यांना विषय दिला होता 'माझं गाव'. त्या पुढे आल्या, टेबलाला धरून उभ्या राहिल्या, "मंडळी..." म्हणाल्या. आणि थांबल्या. पंखा फिरत होता, खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. पुन्हा म्हणाल्या, "मंडळी..." घंटी झाली आणि त्या जागेवर जाऊन बसल्या. आता ही बाई काही परत येत नाही, असं मला वाटलं. पुढच्या रविवारी आल्या. पुन्हा "मंडळी", पुन्हा शांतता. असे बरेच रविवार गेले. पोरं हसू दाबायची. मी एकदा त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "जैबूनबाई, घाबरता कशाला, बसून बोला पाहिजे तर." तर म्हणाल्या, "बसून तं मी जिंदगीभर बोलतोच आहे बाई. उभी राहून बोलाचं आहे."

आणि एका रविवारी बोलल्या. बांगडी कशी भरायची त्यावर. नव्या नवरीचा हात कसा असतो, बाळंतिणीचा कसा सुजलेला असतो, धान कापणाऱ्या बाईच्या हाताची हाडं कशी रुंद झालेली असतात. कोणतीही बाई बांगडी भरताना तोंडानं एक बोलते आणि हात दुसरंच सांगतो, असं काहीतरी म्हणाल्या. पुष्कळ चुका होत्या. हिंदी, मराठी, घरची बोली सगळं एकात एक. घंटी झाली, त्यांनी ऐकली नाही. दुसऱ्यांदा झाली, तरी चालूच. मग टाळ्या वाजल्या तेव्हा गोंधळून इकडे तिकडे पाहिलं आणि खाली बसायच्या ऐवजी पुन्हा एकदा "मंडळी" म्हणून मोकळ्या झाल्या. आम्ही सगळे हसलो, त्याही हसल्या.

मी त्यांना संत करून ठेवत नाही. बोलायला यायला लागल्यावर त्या जरा जास्तच बोलायला लागल्या. कोणाचं वाक्य पुरं होऊ द्यायच्या नाहीत. विनोद सांगायच्या आणि शेवट आधीच सांगून टाकायच्या. जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दोनदा उतरल्या, दोन्हीदा हरल्या, आणि दोन्हीदा परीक्षकांना मराठी कळत नाही असा निकाल त्यांनी लावला. स्वतःच्या आवाजाचा त्यांना मोठा अभिमान होता. घरी बिचाऱ्या शबानाला वरणात हिंग किती टाकायचा यावरसुद्धा प्रस्तावना, मुद्दे आणि समारोपासकट ऐकावं लागायचं. पण बाजाराच्या गल्लीत पुन्हा एकदा बैठक झाली, नळाच्या पाण्यावरून, तेव्हा त्या उठून बोलल्या आणि दीर शेजारी गप्प बसला होता. त्या दिवशी त्या शाळेत मला भेटायला आल्या. नुसत्या दारात उभ्या राहून हसत होत्या.

मग शिकायचं वेडच लागलं. कुठं कसली कार्यशाळा आहे, कुठं व्याख्यान आहे, याची खबर त्यांना माझ्या आधी असायची. पोंभुर्ण्याला बांबूच्या वस्तूंचं शिबिर, गडचिरोलीला सर्पदंशावर माहिती, ग्राहकांचे हक्क, आकाशातले तारे, काहीही. दुकान शबानाच्या हवाली करून निघायच्या. मला ओढून न्यायच्या. धानोऱ्याला मधमाश्यांचं शिबिर होतं. जंगलातून मध गोळा करणारे आदिवासी भाऊ होते, बचत गटाच्या बाया होत्या, आणि पहिल्या रांगेत आम्ही दोघी. मी वैतागून म्हणाले, "तुम्हाला काय करायचं हो मधमाश्यांचं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच शाळा न पाहिलेली बाई आहे. "मले काही नाई कराचं. सकाळी मले हे माहीत नव्हतं, आता माहीत आहे. अजून काय पाह्यजे?" तरी एक पेटी आणलीच. गच्चीवर ठेवली. साऱ्या मोहल्ल्यानं चावून घेतल्यावर ती पेटी पोंभुर्ण्याच्या एका शेतकऱ्याला देऊन टाकावी लागली. त्यावरही मंडळात भाषण झालं.

एकटीनं फिरायला निघाल्या त्याला कारण एक व्याख्यान. पाठीवर पिशवी टाकून देश फिरलेली एक तरुण मुलगी कॉलेजात बोलायला आली होती. जैबूनबाईंनी तिला व्याख्यानानंतर अडवून किती कपडे नेतेस, कुठं झोपतेस, भीती वाटली तर काय करतेस, सगळं विचारलं. आणि महिनाभरात बाजारातून पाठीवरची मोठी पिशवी घेऊन आल्या. इरफान चिडला. घरात रोज वाद. मी तिथंच बसले होते एकदा. "अम्मी, लोक काय म्हणतीन? या वयात, एकटी बाई..." त्या बांगड्यांच्या पेट्या पुसत होत्या. "लोक म्हणतच असतात बेटा. तू भाड्यानं खोली देतो का त्याईले डोक्यात?" दुसऱ्या दिवशी बल्लारशाहला जाऊन दक्षिणेकडच्या गाडीत बसल्या. हंपीला गेल्या. तिथल्या दगडांत वाट चुकल्या, एका म्हातारीच्या घरी जेवल्या, भाषेचा एक शब्द एकमेकींना कळत नव्हता. परत आल्या त्या उन्हानं काळ्या पडून. मग दर वर्षी कुठंतरी. एका खेपेला वाटेत ताप भरला, एका धर्मशाळेत पडून राहिल्या, घरी कळवलंसुद्धा नाही. "कळवलं असतं तं इरफान घ्याले आला असता," म्हणाल्या, "मंग पुढच्या बारीले जाऊ नसतं देलं."

त्यांच्यामुळे मीही व्यासपीठावरून कितीतरी वेळा म्हटलं असेल की शिकायला वय नसतं. जैबूनबाईंकडे बोट दाखवून म्हटलं. त्या उभ्या राहून हात जोडायच्या. आज ते वाक्य आठवलं की तोंड कडू होतं.

थंडीतली सकाळ होती. एक मुलगी लग्नाच्या बांगड्या भरायला बसली होती. जैबूनबाईंच्या उजव्या हातातून बांगड्या निसटल्या, फुटल्या, आणि त्या स्वतःच्याच हाताकडे पाहत राहिल्या. त्या मुलीला वाटलं, बाईंना चक्कर आली. इथं दवाखान्यात नेलं, तिथून नागपूरला. मेंदूतली रक्ताची वाट बंद पडली होती. जीव वाचला. उजवी बाजू थोडी थोडी परत आली. वाचा आली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, ऐकू येतं, समजतं, सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत.

एकच शब्द उरला होता. मी नागपूरला भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे भरून आले, ओठ हलले आणि म्हणाल्या, "मंडळी." मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसलेसुद्धा. मग कळलं. पाणी पाहिजे, मंडळी. पाय दुखतो, मंडळी. इरफानला जवळ बोलवायचं, नातवावर ओरडायचं, दिवा बंद करायला सांगायचं... सगळ्याला तेवढाच शब्द. आवाजाचे चढउतार शाबूत होते. लांबलचक वाक्यं बोलायच्या, प्रश्न विचारायच्या, रागवायच्या, आणि त्या साऱ्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा. आणि चुकीचं येतंय हे त्यांना कळायचं. बोलून झाल्यावर तोंडावर हात ठेवायच्या. इतक्या वर्षांच्या रविवारांनी जे दिलं होतं ते सगळं एका सकाळनं काढून घेतलं आणि त्यांना पहिल्या दिवशीच्या टेबलाजवळ नेऊन उभं केलं. त्या दिवशी निदान पुढचा रविवार तरी होता.

सुरुवातीला मंडळातले लोक भेटायला यायचे. एक गृहस्थ, तसे वाईट नव्हते, वातावरण हलकं करायला म्हणून म्हणाले, "वा, म्हणजे भाषण अजून सुरूच आहे!" जैबूनबाईंनी डाव्या हातानं चहाचा कप उचलून भिंतीवर मारला. शबानानं फरशी पुसली. त्यानंतर हळूहळू लोक येईनासे झाले. ज्या बाईला बोलता येत नाही तिच्याजवळ बसून काय करायचं, हे आमच्या भाषण मंडळात कोणालाच येत नव्हतं.

मी दुपारी जायची. निवृत्त झाले होते, वेळ होता. नागपूरच्या बाईंनी वाचेचा सराव सांगितला होता, चित्रांची पानं दिली होती. आंबा, बकरी, चप्पल, कप. चित्र दाखवायचं, मी अर्धा शब्द म्हणायचा, त्यांनी पुरा करायचा. "बक..." मी म्हणायची. त्या माझ्या ओठांकडे पाहायच्या. कपाळावर घाम यायचा. जिवाचा आकांत करून शिकत होत्या, मी आयुष्यात इतका जोर लावून शिकणारा विद्यार्थी पाहिला नाही. आणि यायचं काय? तेच. चाळीस वर्षं... नाही, मोजत नाही. सगळं आयुष्य मी पोरांना भाषा शिकवली. या एका बाईला बकरी म्हणायला शिकवू शकले नाही. हिवाळा गेला, उन्हाळा आला, चंद्रपूरचा उन्हाळा, कूलरच्या आवाजात मी ओरडून "आं... आं..." म्हणायची आणि त्या माझ्याकडे पाहत राहायच्या.

एक दिवस मला सुचलं म्हणून दुकानातली हिरवी बांगडी घेऊन वर गेले. चित्रापेक्षा हाताला सवयीची वस्तू बरी, असं वाटलं. त्यांच्या हातात दिली. "हे काय आहे, जैबूनबाई?" त्यांनी बांगडी बोटांनी फिरवली. काचेच्या जोडाचा खडबडीतपणा अंगठ्यानं तपासला, जसा गिऱ्हाइकाला देण्याआधी तपासायच्या तसा. मग माझ्याकडे पाहिलं. ओठ मिटले, "मं..." एवढं आलं, आणि त्यांनी स्वतःच डाव्या हाताच्या बोटांनी ओठ दाबून धरले. बराच वेळ तसेच धरले. मग बांगडी माझ्या मांडीवर ठेवली, चित्रांची सगळी पानं गोळा करून माझ्याकडे सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. मी म्हणाले, "उद्या करू." त्या वळल्या नाहीत.

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. तो एक शब्दसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, नैराश्य आहे, गोळ्या दिल्या. मला विचाराल तर जैबूनबाई त्या दुपारी गेल्या. नंतर उरलं ते जेवणं, औषध घेणं आणि छताकडे पाहणं.

इरफाननं एकदा फार धडपड केली. आईला फिरायची आवड, म्हणून गाडीत बसवून बल्लारशाह स्टेशनवर नेलं. मी सोबत होते. फलाटावरच्या बाकावर बसवलं, त्यांना आवडायचे ते भजे आणले. दक्षिणेकडची गाडी आली. दारं उघडली, माणसं चढू-उतरू लागली, आणि जैबूनबाई बाकाच्या दांडीला धरून उठल्या. पाय ओढत, सरळ डब्याकडे निघाल्या. इरफान धावला, त्यानं खांदा धरला. "अम्मी, कुठी चालली? अम्मी!" त्यांनी हिसका दिला. ताकद नव्हती हिसक्यात. त्यानं दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि गाडी सुटेपर्यंत सोडलं नाही. त्यानं काय चूक केली? तिकीट नाही, बाईला बोलता येत नाही, अर्धं अंग लुळं. मीही तेच केलं असतं. पण गाडी गेल्यावर तो फलाटावर बसून लहान पोरासारखा रडला आणि जैबूनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर वर्षभराच्या आत, आषाढात, पुन्हा झटका आला आणि सगळं संपलं.

मंडळानं शोकसभा घेतली. आता रविवारी पाच-सहा डोकी जमतात, तीही मोबाइलात पाहत असतात. अध्यक्ष म्हणाले, जैबूनबाईंसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं की त्यांना गप्प राहणं पुष्कळ झालं, आता कोणीतरी बोला! पण मीही मान खाली घालून उभी राहिले. शिकलेलं जातं कुठं, एवढंच मला कोणीतरी सांगा. हाताशी वही-पुस्तक नसताना माणूस जे स्वतःत साठवतो, ते कुठं ठेवलेलं असतं, आणि इतक्या सहज कसं काढून नेता येतं? कोणी म्हणतं, त्यांची प्रेरणा आपल्यात जिवंत आहे. असेल. मला तरी माझ्यात काही सापडत नाही.

चाळिसाव्यानंतर शबानाला भेटायला गेले. ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती, मी पाट घेऊन बसले. या स्वयंपाकघराच्या बरोबर वर जैबूनबाईंची खोली. ती म्हणाली, "मॅडम, वरून आता काही आवाजच येत नाई. पहिले कसं, अम्मी रोज सकाळी बोलून पाहायची. रविवारचं भाषण. इकडून तिकडं फिरायची आणि बोलायची. मी इथी रोट्या करून राह्यली असायची. मले सारं पाठ व्हायचं. तेव्हा लय राग यायचा." मग कणकेवर हात तसाच ठेवून तिनं विचारलं, "बिमार पडली त्या हप्त्यातलं सांगू? ते तुम्ही ऐकलंच नाई." मी मान डोलावली.

शबानानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वरच्या छताकडे पाहत, सासूच्याच हेलात, त्या जिथं थांबायच्या तिथं थांबत बोलायला लागली, "मी समुद्र पाह्यला. आपल्या इकडच्या माणसाले तलाव माहीत, नदी माहीत. समुद्र निळा असते, मोठा असते, हे तं साऱ्याईनं सांगितलं होतं. त्याचा आवाज कोणीच सांगितला नव्हता. मले वाटलं, इथीबी आपल्यासारखं पावर हाऊस आहे का काय! मी वाळूत बसली. चपला काढून बाजूले ठेवल्या. बाजूले कोणी नव्हतं. मंग एक लाट आली, मोठी, आणि..."

ती थांबली. मी वाट पाहिली. जैबूनबाई अशा थांबायच्याच.

"आणि?" मी म्हणाले.

शबानानं कणकेचा गोळा तोडला. "पुढचं नाई मॅडम. इथंवरच बसवलं होतं अम्मीनं."